घोडीची गव्हाण बैलांच्या गव्हाणीहून वेगळी असते

प्रश्न : मी कंधार तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. गेल्या माळेगाव यात्रेतून मारवाडी वळणाची पाच वर्षांची घोडी घेतली. लग्नसराईत ती वरातीला जाते आणि एरवी मुलगा तिच्यावर रोज तासभर रपेट करतो. सकाळी अडीच किलो हरभरा (कोरडा मोजून) भिजवून तोबऱ्यात देतो, संध्याकाळी दोन किलो गव्हाचा कोंडा गुळाच्या पाण्यात कालवून देतो आणि बैलांपुढची उरलेली कडब्याची वैरण टाकतो. पाणी बैलांबरोबर दोन वेळा पाजतो. एवढे खाऊनही तिच्या बरगड्या मोजता येतात, लिदीत हरभऱ्याचे अख्खे दाणे दिसतात आणि चार महिन्यांत दोनदा तिला पोटशूळ उठला. शेजारी म्हणतात, दुभत्या जनावरांचे पशुखाद्य सुरू करा. सोयरे म्हणतात, अंडी आणि तूप द्या. घोडी फळलेली असू शकते, असेही विकणाऱ्याने सांगितले होते. तिला नेमके काय, किती आणि कसे द्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

घोडीच्या खाण्याच्या बाबतीत आपण हात आखडलेला नाही, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. दिवसाला साडेचार किलो चंदी (दाणा आणि कोंडा) हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा मोठाच खर्च आहे. परंतु पत्रातील "बैलांपुढची उरलेली वैरण" या शब्दांशी मी थांबलो, कारण तिच्या पोटशुळाचे आणि दिसणाऱ्या बरगड्यांचे मूळ बहुधा तिथेच आहे. घोड्याचा आहार वैरणीपासून मोजायला घ्यायचा असतो आणि वैरण पोटभर झाल्यावर जी उणीव उरेल तेवढीच चंदीने भरून काढायची असते. आपल्याकडे मात्र चंदी आधी मोजली जाते आणि वैरण मागून, उरेल तशी टाकली जाते.

बैल चारा भराभर गिळतो, मग सावलीत बसून रवंथ करतो, आणि त्याच्या पोटाच्या पहिल्याच मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव तो चारा आंबवून त्यातून पोषण काढतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे असते, त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहते, आणि त्या आम्लाला आवर घालणारी लाळ फक्त चघळतानाच सुटते. चारा आंबवणारे सूक्ष्मजीव त्याच्या बाबतीत अगदी पुढच्या टप्प्यावर, म्हणजे अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात असतात. मोकळ्या रानात सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास थोडेथोडे चरत राहतो, ते याच रचनेमुळे. अशा जनावराला सायंकाळी चंदी खाऊ घालून रात्रभर रिकाम्या गव्हाणीपुढे बांधले, तर पाच-सहा तासांतच जठराच्या अस्तराला आम्लाची झळ लागू लागते आणि पुढे तिथे व्रण पडतात. त्यात घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे, आणि ते कुठे अडले किंवा वायू धरला की पोटशूळ उठतो.

आता आपल्या अडीच किलो हरभऱ्याकडे पाहू. त्यात सुमारे एक किलो स्टार्च असतो. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याचे लहान आतडे एका वेळी साधारण ३५० ग्रॅमपर्यंतचा स्टार्च निर्धोकपणे पचवते. फार तर ७०० ग्रॅमपर्यंत मजल जाते आणि त्यापलीकडे धोका असतो. न पचलेला उरलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे तो फार वेगाने आंबतो, लॅक्टिक आम्ल वाढते, चारा पचवणारे उपयोगी सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्या शरीरातून सुटलेली विषे रक्तात शिरतात. त्याचा परिणाम पोटशुळाच्या रूपाने दिसतो आणि कधी खुरदाहाच्या रूपाने. खुरदाहात खुराच्या आतील नाजूक पापुद्रे सुजतात, खुरे गरम लागतात, आणि घोडा पुढच्या पायांवरचा भार काढण्यासाठी मागे रेलून उभा राहतो. एकदा हा आजार बळावला की घोडा पुन्हा पहिल्यासारखा धावेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच चंदीच्या बाबतीत दिवसभराच्या एकूण मापाइतकेच एका वेळचे मापही महत्त्वाचे असते, आणि आपल्या घोडीला कोणत्याही एका वेळी एक किलोपेक्षा जास्त दाणा पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोंड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो हलका, थंड आणि निरुपद्रवी असतो असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. गव्हाच्या दोन किलो कोंड्यातून सुमारे २० ग्रॅम फॉस्फरस मिळतो, तर कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम मिळते. साडेतीनशे किलोच्या घोड्याची रोजची किमान गरज कॅल्शियमची सुमारे १४ ग्रॅम आणि फॉस्फरसची सुमारे १० ग्रॅम असते, म्हणजे आहारात कॅल्शियम नेहमी फॉस्फरसहून जास्त, दीडपट-दुप्पट असावे लागते. हे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी ते हाडांतून उपसू लागते. प्रथम घोडा आलटून पालटून वेगवेगळ्या पायांनी लंगडतो, चावताना कष्टी दिसतो, आणि पुढे जबड्याची व तोंडाची हाडे मऊ होऊन फुगतात. जुन्या काळी पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना, फुकटचा कोंडा खाऊन, हा आजार फार होत असे. रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसते, कारण ते हाडांच्या जिवावर ठीक ठेवलेले असते. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये. कोंडा पूर्ण बंद करण्याची गरज नाही, परंतु तो रोज पाव किलोच्या वर जाऊ देऊ नये. आणि कॅल्शियम कमी पडते असे ऐकून पानाचा किंवा भिंतीला लावायचा चुना मात्र कृपा करून देऊ नका, तो तोंडाला आणि पोटाला भाजतो. जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी चुनखडीची भुकटी वेगळी असते, आणि खाली सांगितल्याप्रमाणे लसूणघास मिळाला तर तिचीही गरज पडणार नाही.

आहार ठरवण्याआधी घोडीचे वजन काढा. त्यासाठी वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. घोडी सपाट जागी चारही पायांवर सरळ उभी असताना, पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, बसतो, तिथला छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणा आणि आलेल्या संख्येला ११,८७७ ने भागा. उत्तर किलोत येते. समजा घेर १६८ आणि लांबी १४६ भरली, तर वजन ३४७ किलोच्या आसपास निघेल. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच माणसाने मोजून वहीत लिहून ठेवा. आकडा चार-दोन किलोंनी चुकला तरी बिघडत नाही, तो चढतो आहे की उतरतो आहे हे कळले पाहिजे.

खाद्यही असेच वजनाने द्या. बाजरीच्या किंवा तेलाच्या डब्याने मोजण्याची आपली सवय इथे दगा देते, कारण ज्या मापात हरभरा पाऊण किलो बसतो, त्याच मापात कोंडा पाव किलोच बसतो. एक ताणकाटा गव्हाणीजवळ खुंटीला टांगून ठेवा, कडब्याच्या चार-पाच पेंढ्या त्यावर लावून आपल्या पेंढीचे सरासरी वजन काढा, आणि मगच दिवसाला किती पेंढ्या लागतील ते ठरवा. काही पेंढ्या दीड किलोच्या भरतात तर काही त्याहून बऱ्याच जड, आणि हा फरक महिनाभरात मोठा होतो.

घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा पदार्थ (म्हणजे पाणी वगळून उरणारे खाद्याचे वजन) लागतो आणि त्यातील वैरणीचा भाग दीड टक्क्याच्या खाली कधीही जाता कामा नये. साडेतीनशे किलोच्या, हलके काम करणाऱ्या आपल्या घोडीला मी पुढीलप्रमाणे आहार सुचवतो. रब्बीच्या शाळूचा, हिरवट झाक असलेला, पानाळ कडबा रोज पाच किलो द्यावा; तो फार बारीक न करता दीड-दोन इंचांची कुट्टी करावी, कारण अगदी बारीक कुट्टी ती न चघळताच गिळेल. त्यातील एक-दोन किलो कडब्याऐवजी पवना किंवा मारवेल यांसारखे वाळलेले रानगवत मिळाले तर अधिक चांगले. सोबत हिरवा लसूणघास आठ किलो, कापून दोन-तीन तास सावलीत सुकवलेला, असावा. तिच्या प्रथिनांची आणि कॅल्शियमची मोठी गरज तोच भागवतो. विहिरीला पाणी असेल तर एका घोडीपुरता घास दीड-दोन गुंठ्यांतही बराचसा निघतो. दाण्यात भरडलेला हरभरा रोज पाऊण किलो, दोन वेळांत विभागून, आणि त्यात पाव किलोपर्यंत कोंडा पुरे आहे. हरभरा सहा ते आठ तासच भिजवा. उन्हाळ्यात रात्री भिजवलेला हरभरा सकाळी उशिरापर्यंत राहिला तर त्याला आंबूस वास येतो, आणि असा दाणा बैलालाही घालू नये, घोडीला तर नाहीच. याशिवाय मीठ रोज २५ ग्रॅम दाण्यात मिसळा, घाम निथळेल अशा कामाच्या दिवशी ५० ग्रॅम करा, आणि घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण पाकिटावर सांगितलेल्या मात्रेत द्या.

या वैरणीचे चार भाग करून सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि झोपण्यापूर्वी द्यावेत, आणि सर्वांत मोठा भाग शेवटचा असावा. रात्री दहा वाजता उठून एक पेंढी टाकण्याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, पण तिच्या पोटाची सारी लांब रात्र त्याच पेंढीवर निघते. गव्हाणीच्या तळाशी माती राहू देऊ नका आणि जमिनीवर दाणा पसरू नका. मातीबरोबर गेलेली रेती आतड्यात साचत जाते. लिदीचा एक गोळा पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत कालवून ठेवला आणि तळाशी रेतीचा थर बसला, तर गव्हाणीची जागा बदलायला हवी असे समजावे.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण त्यात गुंतागुंत नाही, फक्त हयगय नको. घोडीला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा त्याहूनही जास्त. कोरडा कडबा आणि दोन वेळचे मोजके पाणी हे आतड्यात गोळा बसण्याचे हमखास निमित्त आहे. सावलीत एक सिमेंटची नांद कायम भरलेली ठेवा, रोज रिकामी करून घासा, आणि टँकरचे पाणी असेल तेव्हा घरातील माणसांच्या हंड्याबरोबर तिच्या नांदेचाही हिशेब धरा.

लिदीत दिसणाऱ्या अख्ख्या दाण्यांविषयी आपण लिहिले आहे ते बरे झाले. एक गोळा हातमोजा घालून फोडून पाहा. त्यात अख्खे दाणे आणि बोटाच्या पेराएवढे लांब धागे दिसले, तर ती नीट चावत नाही असा अर्थ होतो. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत आणि झिजत राहतात, आणि वरच्या दाढांची बाहेरची व खालच्या दाढांची आतील कड कात्रीसारखी धारदार होऊन गाल आणि जीभ कापते. खाताना मान वाकडी करणे, अर्धवट चावलेले वैरणीचे बोळे खाली टाकणे, तोंडाला घाण वास येणे, ही त्याची चिन्हे आहेत. पशुवैद्याकडून दाढा कानशीने घासून घेतल्याशिवाय तिला कितीही चांगले खाऊ घातले तरी ते लिदीतूनच दिसत राहील. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आपल्याला तुलनेने जवळ आहेत. स्थानिक दवाखान्यात या कामाची साधने नसतील तर तिकडे घेऊन जावे. त्याच भेटीत लिदीची जंतांसाठी तपासणी करून घ्या, कारण बरगड्या दिसण्याचे दुसरे सामान्य कारण जंत हे असते.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे येतो आणि इथे मला अगदी निःसंदिग्ध शब्दांत लिहायचे आहे. दुभत्या जनावरांचे पशुखाद्य घोडीला देऊ नका. गायीच्या खाद्यात युरिया असू शकतो, तसेच मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते, जे गुरांची चारा पचवण्याची क्षमता सुधारण्यासाठी आणि कोंबड्यांना रक्ती हगवणीपासून वाचवण्यासाठी वापरले जाते. गुरे ते सहज पचवतात; घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना मात्र ते जाळते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम एवढ्या मात्रेनेही घोडा मरू शकतो, आणि यावर उतारा नाही. अनेक वर्षांपूर्वी मला एका वस्तीवर पहाटे बोलावले होते. तिथे शेडच्या दाराशी एक तांबडा घोडा घामाने ओलाचिंब उभा होता, त्याच्या मागच्या पायांना कंप सुटला होता, मानेच्या बाजूची शीर उड्या मारताना दिसत होती आणि त्याने खाल्लेले कोंबड्यांचे खाद्य अजून त्याच्या ओठांना चिकटलेले होते. रात्री दावे सुटून तो शेजारच्या पोल्ट्रीच्या पोत्यांपर्यंत पोचला होता. दुपारपर्यंत तो गेला. मालक पुन्हा पुन्हा विचारत होते की खाद्य तर चांगल्या कंपनीचे होते, मग असे कसे झाले. आणि खाद्यात खरोखरच काही खोट नव्हती, ते घोड्यासाठी बनवलेले नव्हते एवढेच. आपल्या गोठ्यात गायीची किंवा कोंबड्यांची पोती असतील तर ती कडी लागणाऱ्या खोलीत ठेवा.

युरियाची प्रक्रिया केलेला भुसा किंवा कडबाही वर्ज्य समजावा. मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चाराही, देऊ नये. हल्ली गावोगाव मुरघासाच्या पिशव्या दिसतात, त्या गायींना मानवतात, परंतु पिशवी फाटून आत बिघाड झाला तर त्यात तयार होणाऱ्या बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या) विषाला घोडा फार लवकर बळी पडतो. बुरशी धरलेला मका हा त्याहून फसवा असतो. कणसे शेतातच परतीच्या पावसात भिजली, दाण्यावर गुलाबी-पांढरट बुरशी आली, तरी तो मका वाळवून भरडला की नजरेला कळत नाही. त्यातील विषाने घोड्याच्या मेंदूचा गाभा अक्षरशः विरघळतो, ओठ लोंबतो, घोडा गोल फिरतो, भिंतीला डोके लावून उभा राहतो आणि बहुतेक वेळा वाचत नाही. आपल्या घोडीला मक्याची गरजच नाही, तेव्हा तो विषय सोडून देणे उत्तम.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून हिरव्या ज्वारीचेही सांगून ठेवतो. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली किंवा कापल्यानंतर नव्याने फुटलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ, म्हणजे ज्वारीतील सायनाइडची विषबाधा, लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. घोड्यात हे दुखणे वेगळ्या रूपाने येते. काही आठवडे हिरव्या ज्वारीवर राहिलेल्या घोड्याचे मागचे पाय लटपटू लागतात, लघवी थेंबथेंब गळत राहते, मूत्राशय सुजते आणि गेलेली ताकद बहुधा परत येत नाही. पूर्ण वाळलेल्या कडब्यात हे विष बहुतांश उडून गेलेले असते, म्हणून वाळलेला कडबा चालतो आणि हिरवी ज्वारी चालत नाही. बांधावरच्या सुबाभळीचा पाला शेळ्या आनंदाने खातात, पण घोड्याने तो सतत खाल्ला तर आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. रस्त्याच्या दुभाजकावरील कण्हेर आणि शेताच्या कडेचा एरंड यांची मूठभर पाने किंवा बियाही जिवावर बेततात. मुलाला रपेटीत घोडीला वाटेवर तोंड घालू देऊ नकोस, असे बजावून ठेवा.

सोयाबीनच्या आणि तुरीच्या भुसकटाबद्दल विचारणा झाली नसली तरी मराठवाड्यातील प्रत्येक खळ्यावर त्याचे ढीग असतात, म्हणून एवढेच लिहितो की त्यातील काड्या घोड्याच्या आतड्याला फार राठ पडतात आणि त्यांच्यावर पोट भरू नये. सरकी पेंडही बैलांपुरतीच ठेवा. उसाचे वाढे टंचाईत अर्ध्या वैरणीपर्यंत चालवून घ्यावे लागले तर त्या काळात चुनखडीची भुकटी रोज ३० ग्रॅम द्यावी, कारण वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

सोयऱ्यांची अंडी आणि तूप घरातील माणसांनी खावीत. घोडीला खरोखरच जास्त ताकद लागणार असेल, तर आपल्या भागात सहज मिळणारे घाण्याचे ताजे करडईचे तेल दाण्यावर टाकावे. सुरुवात २५ मिलिलिटरने करून तीन आठवड्यांत ते १०० मिलिलिटरपर्यंत न्यावे. तेवढ्याच वजनाच्या दाण्यापेक्षा तेलातून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि मोठ्या आतड्यात स्टार्चचा लोंढाही जात नाही. खवट वास येणारे तेल मात्र टाकून द्या.

हे सारे बदल एका दिवसात करू नयेत. हरभरा उद्यापासून निम्मा केला तरी चालेल, कारण दाणा कमी केल्याने अपाय होत नाही. कोंडा दहा दिवसांत पाव किलोवर आणा. कडबा तिच्या सवयीचा आहे, तो लगेच पोटभर द्या. लसूणघास पहिल्या दिवशी एक किलो आणि नंतर एक दिवसाआड एकेक किलो वाढवत दोन आठवड्यांत आठ किलोंवर न्यावा. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला एवढा अवधी लागतोच, आणि कडब्याची नवी गंजी फोडतानाही जुना-नवा कडबा आठवडाभर मिसळून द्यावा.

वरातीच्या दिवशी निघण्यापूर्वी तीन तास दाणा देऊ नये, थोडा कडबा मात्र द्यावा, कारण रिकाम्या जठरात हालचालीने आम्ल उसळते. दोन तासांनी एकदा पाणी दाखवावे आणि वरात मंडपाशी थांबते त्या वेळात जाळीच्या पिशवीतून कडबा पुढे ठेवावा. वऱ्हाडी मंडळी कौतुकाने लाडू, जिलेबी, पुरी पुढे करतात. त्यांना हात जोडून नाही म्हणावे. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी उरलेले उंडे आणि भज्जी घोडीपुढे टाकण्याची पद्धतही अशीच बंद करावी, आणि आपण माळेगावच्या बाजूचे असल्याने त्याच सुमारास तिथे पाहुण्यांची रीघ असेल, तेव्हा घरातील सर्वांना हे आधी सांगून ठेवावे. घरी परतल्यावर तिला चालवून अंग थंड होऊ द्यावे, थोडेथोडे पाणी आणि कडबा द्यावा, आणि दाणा तासा-दीड तासाने घालावा.

पुन्हा पोटशूळ उठलाच, म्हणजे ती पोटाकडे वळून पाहू लागली, पायाने जमीन उकरू लागली, लोळू लागली किंवा लीद थांबली, तर गव्हाण रिकामी करा आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा. हनुवटीखालच्या जबड्याच्या कडेवर बोट ठेवले की नाडी लागते. स्वस्थ घोड्याची ती मिनिटाला २८ ते ४४ असते आणि ६० च्या पुढे गेली तर वेळ दवडण्यासारखी नाही. बाटलीने तेल, सोडा किंवा काढा पाजू नका, कारण वेदनेत असलेल्या घोड्याच्या फुप्फुसात ते सहज उतरते. गरज पडली तर पशुवैद्य ते नाकातून नळीने पोटात सोडतात.

राहिला गर्भाचा प्रश्न. विकणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका. दाढा दाखवायला नेताना गर्भतपासणी करून घ्या आणि जंताचे औषध निवडताना पशुवैद्यांना ही शक्यता सांगा. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि शिंगराची बरीचशी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, त्यामुळे आठव्या महिन्यापर्यंत वर सांगितलेला आहार पुरतो आणि तिथून पुढे दाणा, प्रथिने व खनिजे वाढवावी लागतात. गर्भ असल्याचे निघाले तर तपासणीचा दिनांक, टेपने काढलेले वजन आणि त्या दिवशी ती प्रत्यक्ष किती वैरण खाते हे तिन्ही आकडे लिहून मला कळवा. त्यावरून पुढच्या महिन्यांचा आहार मी मोजून देईन.